आईचा आमवात आणि मुलीची पीएच.डी.

«मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आईला आठ वर्षांपासून आमवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या घेते, तरी थंडीत बोटं सुजतात आणि सकाळी पोळपाट-लाटणं हातात धरवत नाही. मला इम्युनॉलॉजीत, दाहाच्या आजारांवर संशोधन करायचंय. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक, पुण्यातल्या मोठ्या संस्थेत उंदरांवर काम करणाऱ्या गटात सहा महिने, बिनपगारी. दुसरी, मुंबईत रुग्णालयाला जोडलेल्या छोट्या लॅबमध्ये वर्षभराची प्रोजेक्ट असोसिएटची जागा. तिथे आमवाताच्या रुग्णांचं रक्त तपासतात. नेट एकदा दिली, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) हुकली. काही जण म्हणतात वेट लॅब, म्हणजे हाताने करायचे प्रयोग, सोड, कॉम्प्युटरवरचं काम शिक. मामा म्हणतात तिशीपर्यंत शिकत बसणार का, बी.एड. कर. परदेशी जावं का? आणि खरं सांगा, आईच्या आजारावर माझ्या हातून काही होईल का?»
— एक वाचक, बार्शी

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

तुमच्या पीएच.डी.चा तुमच्या आईच्या सांध्यांना उपयोग होईल, असं धरून चालू नका. कारण वेळेचं आहे. आमवात म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याचा आजार. त्याच्या उपचारात गेल्या चाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा बदल लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयाच्या आवारात घडला. मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियान्याचे रवींदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सुजलेल्या सांध्यांतल्या पेशी डिशमध्ये वाढवल्या, त्यात टीएनएफ या सायटोकाइनला, म्हणजे पेशी एकमेकींना दाहाचा निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनाला, अडवणारी अँटिबॉडी घातली आणि एवढंच पाहिलं की आयएल-१ हे दुसरं सायटोकाइनही त्याबरोबर खाली येतं का. आलं. हे १९८९ साली छापून आलं. पहिल्या रुग्णांना हे औषध, म्हणजे आजचं इन्फ्लिक्सिमॅब, १९९२ मध्ये दिलं गेलं आणि आमवातासाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९९ मध्ये. डिशपासून दुकानापर्यंत दहा वर्षं, आणि या क्षेत्रात ही झपाट्याने झालेली गोष्ट मानतात. शिमोन साकागुची यांनी प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियंत्रक टी-पेशींवरचं सीडी२५ हे खुणेचं प्रथिन १९९५ मध्ये दाखवलं; त्याचं नोबेल २०२५ मध्ये आलं.

पण लंडनच्या त्या प्रयोगातला प्रश्न केवढा होता ते बघा. «आमवात बरा कसा करावा» असा तो नव्हता. एक सायटोकाइन अडवलं तर दुसरं पडतं का, असा होता. टेबलावर मावेल, सहा महिन्यांत हो किंवा नाही उत्तर देईल, आणि नाही आलं तरी काहीतरी सांगून जाईल, असा प्रश्न शोधता येणं ही या धंद्यातली खरी कमाई. आईच्या आजाराने तुम्हाला या वाटेवर आणलं, ते चांगलंच. प्रश्न मात्र आईच्या आजारातून न निवडता हाताशी कुठले नमुने आहेत, कुठली यंत्रं आहेत आणि कोण शिकवणार आहे, यांवरून निवडा.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हा मोह बहुतेकांना होतो. आईचं रक्त लॅबमध्ये नेऊन «सहज बघू» म्हणून चालवू नका, स्वतःचंही नको. माणसाचा कोणताही नमुना घ्यायचा तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते, आणि ते संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. मंजुरीआधी घेतलेल्या नमुन्याची आकडेवारी कितीही सुंदर असली तरी छापता येत नाही. आणि आईच्या गोळ्यांचा निर्णय त्यांच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचा, तुम्ही पुढे कितीही पेपर वाचलेत तरी.

आता दोन जागांचं. आमचं मत मुंबईच्या बाजूने आहे. पगार मिळतो म्हणून तर आहेच, पण मुख्य कारण असं की माणसाचे नमुने रोज हाताळायला मिळणं ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. उंदरांवरचं काम पुढे पीएच.डी.त शिकता येतं. रुग्णालयाशी नातं जुळलेली लॅब मागाहून उभी करता येत नाही. मात्र हो म्हणण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. नैतिकता समितीची मंजुरी आजच्या तारखेला हातात आहे, की «होऊन जाईल»? आठवड्याला किती नमुने येतात? फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून ओळखणारं आणि मोजणारं यंत्र) लॅबचा स्वतःचा आहे की दुसऱ्या इमारतीत आठवड्यातून एक सकाळ मिळतो? आणि रोज शेजारी बसून शिकवणारं माणूस कोण, पीएच.डी.चं शेवटचं वर्ष संपवून दोन महिन्यांत जाणारं तर नाही ना? मंजुरी नसेल तर वर्षभर तुम्ही फॉर्म भरत बसाल. तसं असेल तर पुणं बरं. पण तिथेही बिनपगारी सहा महिन्यांऐवजी तीन मागा, आणि जाण्याआधी कुठलं एक तंत्र पूर्ण शिकून बाहेर पडायचं ते ठरवून घ्या.

मुंबईला गेलात तर पहिला महिना बहुधा एकाच कामात जाईल: रक्तातून पीबीएमसी, म्हणजे लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढणं. कृती सोपी आहे, म्हणूनच ती हलगर्जीपणाने केली जाते. चार मिलिलिटर रक्तात चार मिलिलिटर पीबीएस (खारट बफर) मिसळायचं. १५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये चार मिलिलिटर फायकॉल हे घट्ट द्रव घ्यायचं आणि ट्यूब तिरकी धरून, भिंतीवरून, थेंब न पाडता हे पातळ केलेलं रक्त त्यावर तरंगवायचं. मग सेंट्रिफ्यूज: ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, २० अंश सेल्सिअस, ब्रेक बंद. मध्ये धुरकट पांढरं कडं दिसतं, ते पाश्चर पिपेटने उचलायचं आणि दोनदा धुवायचं. एका मिलिलिटर रक्तातून साधारण दहा लाख पेशी मिळतात. मृत पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूमध्ये मोजताना ९५ टक्क्यांच्या खाली जिवंत असतील तर काहीतरी चुकलंय.

काय चुकतं? फायकॉल फ्रिजमधून काढून तसंच वापरलं तर ते जास्त घट्ट असतं, तांबड्या पेशी नीट खाली बसत नाहीत आणि कडं गुलाबी येतं. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळले जातात. वहीत «१५०० आरपीएम» लिहिलेलं असतं आणि रोटर बदललेला असतो. म्हणून नेहमी जी लिहा, आरपीएम नको. रक्त ओपीडीत सकाळी नऊला काढलं आणि वॉर्डबॉयने दुपारी चारला आणून दिलं, तर न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बदलतात, त्यांची घनता कमी होते आणि ते तुमच्या कड्यात शिरतात. मग «आमवातात वेगळ्याच पेशी दिसल्या» असा शोध लागतो, तो वॉर्डबॉयच्या जेवणाच्या सुट्टीचा असतो. नळीत रक्त गोठू न देणारं कुठलं द्रव्य आहे तेही बघा. पेशींना उत्तेजित करून पाहायचं असेल तर हेपॅरिनची हिरवी नळी, कारण ईडीटीए कॅल्शिअम धरून ठेवतं. पीसीआर करायचा असेल तर ईडीटीएची जांभळी, कारण हेपॅरिन पीसीआर अडवतं.

प्रत्येक नमुन्याबरोबर वहीत रक्त काढल्याची वेळ, मशीनवर घातल्याची वेळ, रुग्णाची औषधं आणि स्टेरॉइडचा शेवटचा डोस कधी, हे लिहाच. आमवातात आयएल-६ हे सायटोकाइन पहाटे चढलेलं असतं. सकाळी बोटं आखडतात त्यात त्याचा हात आहे. रुग्णांचं रक्त सकाळी आठला आणि निरोगी विद्यार्थ्यांचं संध्याकाळी पाचला घेतलंत, तर तुम्ही आजार मोजत नसून घड्याळ मोजताय.

पुढे एलायझा, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजायची चाचणी, शिकाल. इथे आमवाताचा एक खास सापळा आहे आणि पाठ्यपुस्तकात तो कोपऱ्यात असतो. या रुग्णांच्या रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर असतो, म्हणजे दुसऱ्या अँटिबॉडीला चिकटणारी अँटिबॉडी. सँडविच एलायझात प्लेटला चिकटलेली अँटिबॉडी खाली आणि शोधणारी वर. मधल्या जागी सायटोकाइन यायला हवं. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर दोघींना परस्पर जोडून टाकतो आणि सायटोकाइन नसतानाही प्लेट पिवळी होते. ओळखायचं कसं? नमुना दुप्पट आणि चौपट पातळ करून चालवा. सायटोकाइन खरं असेल तर आकडा निम्मा आणि पाव व्हायला हवा. तसा होत नसेल तर तो आकडा वापरू नका, आधी ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर अडवणारं ब्लॉकिंग द्रव्य घालून पुन्हा चालवा. मुलाखतीत हे कुणी विचारलं आणि तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत, तर समोरच्याला कळतं की या मुलीने खरंच प्लेट धरली आहे.

दुसरा सापळा एंडोटॉक्सिनचा (म्हणजेच एलपीएसचा), आणि त्याने भल्याभल्यांना खड्ड्यात घातलंय. ई. कोलायमध्ये तयार केलेलं प्रथिन मोनोसाइटवर घातलं, टीएनएफ धो-धो आलं, «नवीन दाहकारक रेणू सापडला!» नव्वदच्या दशकात हीट शॉक प्रोटिनांबद्दल असे कितीतरी दावे झाले आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी काम प्रथिनाचं नसून जिवाणूच्या भिंतीतल्या एलपीएसचं होतं. मोनोसाइट एका मिलिलिटरमधल्या काही डझन पिकोग्रॅम एलपीएसलाही जागे होतात. ऑटोक्लेव्ह केल्याने ते जात नाही; काचेच्या भांड्यांना २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. म्हणून दोन कंट्रोल हवेतच. एका नळीत प्रथिन उकळून घाला: प्रथिन मोडतं, एलपीएस टिकतं, उकळल्यावरही टीएनएफ तितकंच आलं तर काम एलपीएसचं आहे, तुमच्या रेणूचं नाही. दुसऱ्या नळीत पॉलिमिक्सिन बी घाला, ते एलपीएसला धरून ठेवतं. सीरमच्या नव्या बाटलीचा एंडोटॉक्सिन आकडा लेबलवरून वहीत उतरवा. बाटली बदलली त्या दिवसापासून सगळे कंट्रोल वर सरकले, असं या क्षेत्रात नेहमी होतं आणि वहीत नोंद नसेल तर कारण कधीच सापडत नाही.

सायटोमीटरबद्दल लिहावं तितकं थोडं. मृत पेशी ओळखणारा डाय, अँटिबॉडी भलतीकडे चिकटू न देणारा एफसी ब्लॉक, रंगांची सरमिसळ वजा करायला एकेका रंगाचे कॉम्पेन्सेशन कंट्रोल आणि एक रंग वगळून केलेला एफएमओ कंट्रोल, यांतलं काहीही वेळेअभावी गाळायचं नाही. अँटिबॉडी कंपनीने सांगितली तेवढीच न घालता किती पुरते ते एकदा तपासून (टायट्रेट करून) घ्या. बऱ्याचदा कमीत भागतं आणि परदेशातून मागवलेली बाटली दुप्पट चालते. पीई-सीवाय७ सारखे जोडरंग उजेडात तुटतात आणि मग सीवाय७ चा सिग्नल पीईत दिसायला लागतो. पेशीच्या आतलं आयएल-१७ हे सायटोकाइन पाहायला पेशी चेतवणारं पीएमए ५० नॅनोग्रॅम आणि आयोनोमायसिन १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, सायटोकाइन आत अडवणाऱ्या ब्रेफेल्डिन ए सोबत, चार ते पाच तास, ही नेहमीची रीत. पीएमएने सीडी४ (मदतनीस टी-पेशींवरची खूण) पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढला जातो, म्हणून सीडी४ हरवला असं वाटून घाबरू नका. सीडी३ (सगळ्या टी-पेशींची खूण) धरून सीडी८ नसलेल्या पेशी मोजा. नियंत्रक टी-पेशींचं फॉक्सपी३ बघायचं असेल तर केंद्रकापर्यंत पोचणारा बफर लागतो, साधं सॅपोनिन पुरत नाही. शिवाय माणसात नुसत्या चेतवलेल्या टी-पेशीही थोडा वेळ फॉक्सपी३ दाखवतात. सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी, ही जोडी धरल्याशिवाय «नियंत्रक पेशी वाढल्या» असं लिहू नका.

आणि पेशी पुरेशा गोळा करा. रक्तातल्या सीडी४ पेशींत आयएल-१७ बनवणाऱ्या अर्धा टक्का धरू. दहा हजार सीडी४ मोजल्या तर त्या पन्नास भरतात. पन्नासात नुसत्या मोजणीचीच चूक सात इकडे किंवा तिकडे, म्हणजे १४ टक्के. एवढ्यावर दोन गटांतला फरक सांगायचा म्हणजे वाऱ्यावरची वरात. एक लाख सीडी४ गोळा केल्यात तर चूक साडेचार टक्क्यांवर येते.

उंदरांचं थोडक्यात, कारण ते तुमच्या पुढ्यात नंतर येणार आहे. आमवाताची नेहमीची प्रतिकृती म्हणजे डीबीए/१ जातीच्या उंदराला शेपटीच्या मुळाशी १०० मायक्रोग्रॅम टाइप-२ कोलॅजेन, कंप्लीट फ्रॉइंड अॅड्जुव्हंट या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या तेलकट द्रव्यात घोटून. २१ व्या दिवशी दुसरा डोस. सूज साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा घोटण्यात. इमल्शनचा थेंब पाण्यावर टाकला की तो गोल राहायला हवा. पसरला तर परत घोटा. सी५७ब्लॅक/६ जातीला हा आजार सहज होत नाही आणि जनुक बदललेले बहुतेक उंदीर नेमके त्याच जातीचे असतात, हे आधी माहीत असलेलं बरं. मंजुरी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची. काही महिने धरून चाला. आणि तुलना करायच्या उंदरांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत वाढवू नका, एकाच विणीतले घ्या. आतड्यातले जिवाणू पिंजऱ्यागणिक बदलतात, आणि दाहाच्या आजारात जिवाणू बदलले की निकाल बदलतो.

परीक्षांकडे वळू. जेआरएफ हुकली हे दुःखाचं कारण नाही, पण दुसरा प्रयत्न पहिल्यासारखाच दिलात तर निकालही तसाच लागेल. सीएसआयआर-यूजीसी नेटच्या लाइफ सायन्सेसमध्ये २०० गुण, तीन तास. ‘ए’ भागात २० पैकी १५ प्रश्न, दोन गुणांचे, ‘बी’मध्ये ५० पैकी ३५, तेही दोनचे, ‘सी’मध्ये ७५ पैकी २५, चार गुणांचे. चुकीच्या उत्तराला चौथा हिस्सा कापतात. म्हणजे ‘सी’चे शंभर गुण पंचवीस प्रश्नांत आहेत आणि निवड तिप्पट आहे. सगळे तेरा घटक वरवर वाचणारे ‘सी’त मार खातात, कारण तिथे प्रयोगाची माहिती देऊन निष्कर्ष विचारतात. सहा-सात घटक इतके पक्के करा की त्यांतले ‘सी’चे प्रश्न हक्काने सोडवाल: चौथ्या घटकात प्रतिकारशास्त्र आहे, तेराव्यात तंत्रं. लॅबमधलं रोजचं काम इथे आयतं उपयोगी पडतं. ‘ए’ भागातलं गणित शाळेचं असतं. रोज वीस मिनिटं सोडवलं तरी बास.

नेटच्या निकालात आता तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची नुसती पीएच.डी. प्रवेशासाठी, तिला फेलोशिप नाही. ती मिळाली म्हणून लगेच नाव नोंदवून मोकळ्या होऊ नका. पैसा कुठून येणार ते आधी कळू द्या. नेटशिवाय केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) बीईटी, गेट, आणि टीआयएफआर-एनसीबीएससारख्या संस्थांची जेजीईईबीआयएलएस ही प्रवेश परीक्षा, जी बहुधा डिसेंबरात असते, या सगळ्यांचे अर्ज भरा. अभ्यास तोच आहे. महाराष्ट्राची सेट परीक्षा प्राध्यापकीची पात्रता देते, फेलोशिप देत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएच.डी. फेलोशिप त्या त्या प्रवर्गासाठी आहेत. पात्र असाल तर जाहिरातीची तारीख लक्षात ठेवा, कारण त्यासाठी नोंदणी आधी झालेली लागते.

कुठे जावं? पुण्यात एनसीसीएस आणि आयसर. मुंबईत परळची एनआयआयएच, नवी मुंबईत खारघरचं अॅक्ट्रेक. दिल्लीत एनआयआय, फरीदाबादला टीएचएसटीआय, बंगळुरात आयआयएससी. लखनौचं एसजीपीजीआय आणि वेल्लोरचं सीएमसी इथे क्लिनिकल इम्युनॉलॉजी आणि ऱ्हुमॅटॉलॉजीचे विभाग आहेत, तिथे रुग्ण आणि लॅब एका छपराखाली असतात. पण संस्थेच्या नावावर भाळू नका. गाइडचे गेल्या पाच वर्षांचे पेपर काढा आणि पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा. विद्यार्थ्यांची नावं पुढे असतील तर ठीक. सोडून गेलेल्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोला, चालू असलेल्यांशी नको. चालू असलेले खरं बोलत नाहीत, बोलू शकत नाहीत. एक प्रश्न पुरे: «नकारार्थी निकाल दाखवल्यावर सर किंवा मॅडम काय म्हणतात?» या प्रश्नावर फोन थोडा वेळ गप्प झाला, तर तिथे जाऊ नका.

विषय निवडायची वेळ येईल तेव्हा आपल्या मातीतले प्रश्न विसरू नका. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुण्यातल्या गटाने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. गावपातळीवर आमवात किती, याची आपल्याकडची माहिती त्यातून आली. २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर राज्यात कित्येकांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहिले. विषाणू गेल्यावर दाह का थांबत नाही हा प्रश्न आजही खुला आहे आणि रुग्ण दाराशी आहेत. टीएनएफ अडवणारी औषधं दिली की दबून असलेला क्षय उसळू शकतो, कारण क्षयाच्या जंतूंभोवतीची पेशींची गाठ टीएनएफनेच धरून ठेवलेली असते. २००१ मध्ये हे ठळकपणे पुढे आलं, आणि आपल्याइतका दबलेला क्षय कुठे असणार? आणखी एक सुचवतो. धूम्रपानाने अँटी-सीसीपी ही अँटिबॉडी असलेल्या आमवाताचा धोका वाढतो हे नक्की आहे, हिरड्यांच्या आजाराशीही त्याचा संबंध लावला जातो. आपल्या खेड्यांतल्या बायका सिगारेट ओढत नाहीत, पण हिरड्यांना मिश्री लावतात. तंबाखू आणि हिरडी एकाच जागी. यातून काय निघेल ते ठाऊक नाही, पण बार्शीच्या मुलीला हा प्रश्न सुचू शकतो, बोस्टनच्या मुलीला नाही.

कॉम्प्युटरचं: सोडू नका, पण वेट लॅब सोडून त्याच्या मागे लागू नका. आर ही आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा शिका, रोज एक तास, सहा महिने. सायटोमीटरची आणि एलायझाची स्वतःची आकडेवारी त्यात मांडायला लागा. एक नियम मनावर कोरून घ्या: तुमचा ‘एन’ (आकडेवारीतली नमुन्यांची संख्या) म्हणजे रुग्ण, पेशी नव्हेत. पाच रुग्णांच्या पन्नास हजार पेशींचं सिंगल-सेल सिक्वेन्सिंग केलं तरी ‘एन’ पाचच. पन्नास हजार धरून काढलेली पी-व्हॅल्यू बघून रिव्ह्यूअर पेपर परत पाठवतो, आणि बरोबर करतो.

परदेशाचं उत्तर: पीएच.डी.साठी जा, जर पगारी जागा मिळत असेल तर. जर्मनीत पीएच.डी. ही बहुतेक ठिकाणी करारावरची नोकरी असते. बर्लिनचं संधिवात संशोधन केंद्र डीआरएफझेड आणि एर्लांगेनचा गेऑर्ग शेट यांचा गट, जिथे २०२१ पासून ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आणखी एक आजार) रुग्णांना सीएआर-टी, म्हणजे जनुक बदललेल्या टी-पेशी, देऊन बघितल्या, हे दाहाच्या आजारांतले मोठे पत्ते. ऑक्सफर्डची केनेडी इन्स्टिट्यूट म्हणजे फेल्डमन-मैनींच्याच संस्थेचा पुढचा मुक्काम. कर्ज काढून परदेशात दुसरी मास्टर्स करणं मात्र आम्हाला पटत नाही. तुमच्याकडे एक आहेच. इथे पीएच.डी. करून पोस्टडॉकला बाहेर जाणं ही रुळलेली वाट आहे, आणि परतायचं असेल तर रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत.

आता मामा. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, त्यांना आकडे द्या. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडे भत्ता. एकूण मुदत पाच वर्षं. पीएच.डी. मात्र आपल्याकडे साडेपाच-सहा वर्षं घेते आणि सहाव्या वर्षाचा पैसा कुठून, हे गाइडला पहिल्याच वर्षी विचारा. फेलोशिप दोन-तीन महिने उशिरा येणं सर्रास आहे. तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवल्याशिवाय पुण्या-मुंबईत खोली घेऊ नका. प्राध्यापकीच्या जागा कमी आहेत हे खरं. पण अॅडालिमुमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या औषधाची जगातली पहिली बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच बनवलेली) आवृत्ती २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसने बाजारात आणली, ल्युपिनचं बायोटेक केंद्र पुण्यात आहे, बायोकॉन बंगळुरात. अशा कंपन्यांना पेशींवर औषधाची ताकद मोजणारी, सायटोमीटर आणि एलायझा डोळे झाकून चालवणारी माणसं लागतात. मास्टर्सनंतर दोन वर्षांनी कंटाळा आला तरी हे कौशल्य विकलं जातं. बी.एड. चार वर्षांनंतरही करता येते, आज नको.

मुंबईच्या लॅबला होकार कळवताना ते चार प्रश्न त्याच ईमेलमध्ये, नम्रपणे, क्रमांक घालून लिहा. पीएच.डी.साठी गाइडना लिहाल तेव्हा एकाच वेळी चाळीस जणांना «रिस्पेक्टेड सर/मॅडम» पाठवू नका. पाच जणांना लिहा. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या एका पेपरमधली एक आकृती आणि त्यावरचा तुमचा प्रश्न, दुसऱ्यात तुम्हाला हाताने काय येतं, तिसऱ्यात तुमची फेलोशिप आणि कधीपासून येऊ शकता. सीव्ही दोन पानी, पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा.